पिकअप निवडावी, तपासावी आणि सांभाळावी कशी: केळीच्या पट्ट्यातला तीस वर्षांचा अनुभव

माझे गाव यावल तालुक्यात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गापासून थोडे आत, सातपुड्याच्या बाजूला आहे. १९९४ साली अर्ध्या उधारीवर घेतलेल्या जुन्या मॅटाडोरपासून आज दारात उभ्या असलेल्या बोलेरो पिकअपपर्यंत मी पाच मालवाहू गाड्या वापरल्या. त्यांतल्या दोन जुन्या घेतल्या होत्या, तीन शोरूममधून काढल्या. घरची केळी आणि कापूस वाहून उरलेल्या दिवसांत भाडेही केले. या काळात जे नुकसान सोसावे लागले, त्यातले बरेचसे माझ्या उलट्या क्रमामुळे झाले: मी आधी गाडी पसंत करीत असे आणि तिच्यावर कोणता माल चढणार याचा हिशेब नंतर करीत असे. म्हणून येथे कंपन्यांची नावे उशिरा येतील. आधी माल, मग रस्ता आणि त्यानंतर गाडी, असा क्रम ठेवला आहे.

आधी मालाचे वजन

गाडी घ्यायचा विचार मनात आला की प्रथम एक वही घ्यावी आणि मागच्या वर्षभरात आपण काय वाहिले, किती खेपा केल्या आणि एका खेपेचे वजन किती होते, हे महिन्यांप्रमाणे लिहून काढावे. अंदाज न लिहिता काट्याच्या पावत्या शोधाव्यात. चांगल्या बागेतला केळीचा घड साधारण अठरा ते पंचवीस किलो भरतो. सरासरी बावीस किलो धरली तर ५५ घडांचे १,२१० किलो होतात. सव्वा टन क्षमतेच्या गाडीत चालकाशेजारी दोघे बसले की क्षमता तिथेच संपते, मात्र हौद्याकडे पाहिले तर फाळक्याच्या वर आणखी एक थर सहज बसेल असे वाटत राहते. खताचेही तसेच आहे. युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची असते. डीएपीच्या २५ गोण्या झाल्या की सव्वा टन पुरा झाला. दुकानदार हिशेब गोण्यांत सांगतो, गाडीला मात्र किलोच कळतात.

कापसाची तऱ्हा याच्या उलट आहे. सुटा कापूस हौदा भरून वर डोंगर करतो तरी वजनात कमीच असतो. तेथे प्रश्न उंचीचा आणि वाऱ्याचा असतो. वाळू मात्र फसवते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू चार टनांहून जड भरते, त्यामुळे सव्वा टनाच्या पिकअपमध्ये पाव ब्रासच कायद्याने आणि तब्येतीने बसते. घराच्या बांधकामासाठी 'आपलीच गाडी आहे' म्हणून अर्धा ब्रास भरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या गाड्यांचे मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उलटे झालेलेही पाहिले आहेत.

यानंतर नोंदणी प्रमाणपत्र उघडावे. त्यात गाडीचे एकूण भारित वजन आणि रिकामे वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातील फरक म्हणजे माल, माणसे आणि आपण नंतर बसवलेले सर्व सामान. माझ्याकडे टाटा २०७ होती, तेव्हा मी हौशीने तिला जाड पत्र्याचा हौदा, वर लोखंडी कमानी आणि केबिनच्या टपावर जाळी करून घेतली होती. दोन वर्षांनी जळगावच्या बाजारात रिकाम्या गाडीचे वजन केले, तेव्हा काट्यावरचा आकडा कागदावरच्या वजनापेक्षा दीडशे किलोने अधिक निघाला. काट्यावरचा मुलगा पावती हातात देत म्हणाला, "काका, तुम्ही रिकामे येता तेव्हाही तीन क्विंटलची अर्धी खेप सोबत आणता." त्या दीडशे किलोंचे डिझेल मी दोन वर्षे जाळले होते. म्हणून हौदा नवा बांधला की दुसऱ्याच दिवशी रिकामी गाडी भुईकाट्यावर न्यावी.

क्षमतेबाहेर भार नेल्यास काय होते, हेही माहीत असावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो. ऐन मे महिन्यात रस्त्याकडेला उतरवलेल्या केळीचे काय होते, हे केळी लावणाऱ्या कोणाला सांगायला नको.

कोणत्या वर्गातली गाडी

वही तयार झाली की बाजारातल्या गाड्या आपोआप तीन गटांत पडतात.

पहिला गट पाऊण ते एक टनाचा. २००५ साली आलेल्या टाटा एसने हा गट घडवला; ७०२ सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि पाऊण टन क्षमता असलेल्या या गाडीला लोकांनी दिलेले 'छोटा हत्ती' हे नाव आता कंपनीच्या नावापेक्षा अधिक चालते. माझ्याकडे ही गाडी २००८ पासून तेरा वर्षे होती. बामणोदकडची भरिताची वांगी पहाटे जळगावच्या बाजारात पोचवणे, आठवडे बाजाराच्या बोळातून गाडी वळवणे, दुधाचे कॅन, किराणा, लग्नाची भांडी, ही कामे तिने माझ्या कोणत्याही मोठ्या गाडीपेक्षा स्वस्तात केली. मात्र एक टन भरून लळिंगचा घाट चढवायचा असेल, तर तिच्याकडून ती अपेक्षा करणे हा मालकाचा दोष होय.

दुसरा गट सव्वा टनाच्या आसपासचा. २०११ साली आलेली अशोक लेलँडची दोस्त आणि २०१९ मधील टाटा इंट्रा या गटात मोडतात. डांबरी रस्त्यावर रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या भाडेकऱ्याला या गाड्या परवडतात, कारण इंजिन लहान असल्याने डिझेल कमी लागते आणि केबिन बसायला बरे असते.

तिसरा गट म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते 'पिकअप' म्हणतात तो: २,५२३ सीसी इंजिनाची बोलेरो पिकअप आणि २०१७ साली आलेली टाटा योद्धा. लांब बोनेट, मोठे इंजिन, जाड पाटे. काळ्या मातीच्या शिवारातून केळी बाहेर काढायची असेल तर माझे मत निःसंशय या गटाकडे झुकते. श्रावण-भाद्रपदात शिवाररस्त्याचा लगदा झालेला असतो, तेव्हा लहान चाकांची गाडी पोटावर बसते. मोठ्या चाकांची निदान बाहेर येते. तरीही रिकामी पिकअप चिखलात मागून घसरतेच, कारण मागच्या चाकांवर वजन नसते. बागेत शिरताना मी मागच्या धुरेच्या बरोबर वर वाळूच्या चार गोण्या ठेवतो आणि माल भरायला लागलो की त्या बांधावर उतरवून ठेवतो. धडगाव-तोरणमाळकडे बारमाही खेपा असतील, तर फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीचा जादा खर्च विचारात घ्यावा. तापीकाठच्या सपाटीवर तो वाया जातो.

दोन टनांहून अधिक माल रोजचा असेल, तर पिकअप ताणण्यापेक्षा सरळ टाटा ४०७ च्या वर्गात जावे. १९८६ पासून ती गाडी याच कामासाठी आहे.

एक कायद्याची गोष्ट निवडीवर परिणाम करते. ज्या मालवाहू गाडीचे एकूण भारित वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नाही, तिला परवाना, म्हणजे माल वाहण्याचे परमिट, लागत नाही. त्यामुळे एकाच नावाच्या पिकअपची एक आवृत्ती या मर्यादेच्या किंचित आत आणि दुसरी बाहेर, असे आढळते. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला किंवा सेंधव्याला वरचेवर जाणाऱ्याने ही रेघ पाहूनच आवृत्ती निवडावी. चालवण्याच्या लायसन्सबाबत आता संभ्रम उरलेला नाही: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो.

जुनी गाडी पाहायला जाताना

या भागात मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझे सर्वांत महाग शिक्षण येथेच झाले. २००३ च्या एप्रिलमध्ये मी एक जुनी पिकअप घेतली. कोणत्या कंपनीची होती हे येथे महत्त्वाचे नाही. संध्याकाळची वेळ होती, गाडी नुकतीच रंगवलेली होती आणि मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली होती. मी एक फेरी मारली, चहा घेतला आणि विसार दिला. पहिल्याच भरल्या खेपेला भुसावळजवळ तापीच्या पुलावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बोनेटमधून वाफ आली. हेड गॅस्केट आधीच गेलेले होते. गरम इंजिनावर ते कळले नाही एवढेच. पुढे ज्या अमळनेरच्या वयस्क मिस्त्रीने ते इंजिन खोलले, त्याने मला एकच वाक्य ऐकवले: "भाऊ, पहिले खाले दख, मंग रंग दख." तेव्हापासून मी कोणाबरोबरही गाडी पाहायला गेलो, तरी आधी पोते अंथरून गाडीखाली शिरतो.

खाली शिरल्यावर प्रथम मागचे पाटे मोजावेत. दोन्ही बाजूंना ते सारख्या संख्येचे, सारख्या जाडीचे आणि सारखेच गंजलेले असावेत. एखादा पाटा वेगळ्या रंगाचा किंवा जाड दिसला, तर तो नंतर वाढवलेला आहे आणि ही गाडी जादा भारावर चाललेली आहे असे समजावे. पाटा वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. धुरा, हब, ब्रेक आणि चेसिस पूर्वीचीच राहतात, फक्त गाडी वाकलेली दिसत नाही. त्यानंतर पाट्याचा हँगर चेसिसला जिथे जोडलेला असतो, तेथे टॉर्च मारून बोट फिरवावे. कारखान्यातला रिव्हेट गुळगुळीत लागतो, तर नंतरचे वेल्डिंग खरखरीत लागते, त्यावर कितीही काळा रंग मारलेला असला तरी. वेल्डिंग लागले की मी भाव न करता परत येतो. मागच्या धुरेच्या हाऊसिंगच्या खालच्या बाजूला तेलाचा ओला डाग असेल तर तो सीलचा दोष असू शकतो आणि तो दुरुस्त होतो. प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवल्यावर क्रॉसमधून 'टक' असा आवाज आला, तरी तेही किरकोळ काम आहे. ही दोन्ही कामे किमतीतून वळती करून घ्यावीत.

इंजिन सकाळी आणि थंड असतानाच पाहावे. बोनेटवर हात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी, आणि गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. तेलाची दांडी काढून तेल चहासारखे दुधाळ झाले आहे का ते पाहावे. मग गाडी सुरू करून धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. सतत काळा धूर म्हणजे नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचे काम. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला चालतो, परंतु इंजिन तापल्यावरही टिकला तर पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. ऑइल भरायचे झाकण चालू इंजिनावर सैल करून पाहिले आणि त्यातून धूर जोराने ढकलला जाऊ लागला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

क्लच पाहायचा असेल तर हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर प्लेट ठीक, फिरतच राहिले तर प्लेट संपली. पुढच्या टायरची आतली कड अधिक झिजलेली असेल, तर स्टिअरिंगचे जोड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागदपत्रांबाबत थोडक्यात पण काटेकोरपणे सांगतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि वित्त कंपनीचे ना हरकत पत्र लागते. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. मध्य प्रदेशातून किंवा गुजरातमधून गाडी आणत असाल तर तेथील कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र. एमएच-१९, एमएच-१८ आणि एमएच-३९ या आपल्या तीन पासिंगच्या गाड्या हिंडून पाहिल्यावर पलीकडची गाडी स्वस्त वाटते, पण कर आणि फेऱ्या धरल्या तर तो फरक बहुधा उरत नाही. फिटनेस प्रमाणपत्राची मुदत पाहावी: मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. थकलेले ई-चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून विसाराआधी पाहावे, नंतर नव्हे.

उन्हाळा, घाट आणि पऱ्हाटीचा कापूस

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या सूचना आपल्या मेसाठी पुरेशा ठरतातच असे नाही. रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतत राहण्याची सवय सोडावी. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे सांगितलेले मिश्रणच वापरावे, कारण कूलंटमुळे पाणी उकळण्याचा बिंदू वर जातो आणि आतून गंज धरत नाही. दुसरी गोष्ट खान्देशाबाहेरच्या मिस्त्रीला सांगूनही चटकन पटत नाही: जिनिंगच्या हंगामात धरणगाव-जळगावकडे कापसाच्या खेपा केल्यावर रेडिएटरच्या जाळीत तंतू आणि धूळ यांचा नमदा बसतो. बाहेरून पाहिले तर जाळी फक्त मळकट दिसते. हंगाम संपताच पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारून ती साफ करावी. उलट्या दिशेने हवा मारली तर कचरा आणखी आत जातो. माझ्या गाडीचा काटा एका फेब्रुवारीत वर चढू लागला होता, थर्मोस्टॅट बदलूनही उतरला नाही, आणि शेवटी हवेच्या पाइपने मूठभर कापूस बाहेर आला.

टायरमधली हवा पहाटे, गाडी निघण्यापूर्वी तपासावी. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे अनेक आहेत. संध्याकाळी तोच टायर कमी हवेवर भरल्या गाडीखाली दबतो, कडांनी तापतो आणि फुटतो.

कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना, जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे हा सरळ जिवाशी खेळ आहे, कारण इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांतच संपते. ब्रेक लायनरचा जळका वास आला तर पुढच्या वळणाची वाट न पाहता सुरक्षित जागी थांबावे, आणि चाकांवर पाणी न ओतता अर्धा तास बसावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. हा खर्च मी आजवर कधी टाळला नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या, गाड्या आल्या आणि सांभाळण्याची रीत थोडी बदलली. अशा अनेक गाड्यांत धुराचा फिल्टर असतो, आणि गाडी दिवसभर गाव ते बाग अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपाच करीत राहिली तर तो काजळीने भरतो. दिवा लागला की महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने गाडी चालवावी. दिवा तरीही राहिला तर सर्व्हिस सेंटरला न्यावी. सेन्सर काढून 'गाडी मोकळी करून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. ड्रममधले डिझेल या इंजिनांना अजिबात मानवत नाही. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचे पाणी दर आठवड्याला काढावे. जुन्या मॅटाडोरने जे पाणी मुकाट्याने गिळले, ते आजच्या इंजेक्टरला महागात पडते.

भार कसा रचावा

जड माल मागच्या धुरेच्या पुढे, केबिनकडे रचावा. फाळक्याकडे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात तरंगते. केळीच्या घडांखाली केळीची पाने किंवा फोम अंथरावा, दांडे एका दिशेला ठेवावेत आणि दोरखंड घडांवरून थेट न ओढता वर पोते टाकून ओढावा. नाहीतर दोराखालची फळे रावेर-सावद्याच्या स्टेशनापर्यंतच काळी पडतात. कापसाच्या उंच भरीला ताडपत्री पुढून मागे अशी झाकावी, म्हणजे वारा तिच्याखाली शिरत नाही. ठिबकचे आणि पीव्हीसीचे सहा मीटरचे पाइप नऊ फुटी हौद्यात मावत नाहीत. ते मागे लोंबत नेण्यापेक्षा ते भाडे मोठ्या गाडीला सोडून द्यावे.

गाडी विकताना

विक्रीच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन त्यांच्या प्रती ठेवाव्यात, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेला कागद दोघांच्या सहीने करावा. राज्यातच विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात झाली असेल तर ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. विमा नावावर करून घेण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा, हेही त्याला स्पष्ट सांगावे. नाव बदलेपर्यंत अपघात झाला, तर कागदावर मालक आपणच असतो.

छोटा हत्ती विकला तेव्हा मी हे सर्व केले आणि फास्टॅग विसरलो. पुढे दीड महिना माझ्या मोबाइलवर अशा टोलनाक्यांचे संदेश येत राहिले, जिथे मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो, आणि पैसे माझ्या खात्यातून जात राहिले. तेव्हापासून बँकेला टॅग बंद करण्याचा अर्ज केल्यावर आणि काचेवरचा टॅग ब्लेडने खरवडून काढल्यावरच मी चावी घेणाऱ्याच्या हातात देतो.